झाकली मूठ, उघडं दार

शिवाजीनगरची वेधशाळा पुण्यात पाऊस आल्याचं जाहीर करते, त्याच्या चार दिवस आधी आमच्या बाथरूमचं दार ते जाहीर करतं. जून उजाडला की ते चौकटीला घासायला लागतं, आषाढात अर्धवट लागतं आणि श्रावणात लागायचं सोडूनच देतं. मग पाण्यानं भरलेली बादली आतून दाराला लावून आंघोळ करावी लागते. बादलीतलं पाणी कमी होईल तसं दार हळूहळू उघडू लागतं. त्यामुळे पावसाळ्यात आमच्याकडच्या आंघोळी फार चटकन आटोपतात.

यात दाराचा दोष नाही. झाड सुटलं तरी लाकडाची पाणी पिण्याची सवय सुटत नाही. हवेतला दमटपणा ते शोषून घेतं आणि फुगतं, तेही रुंदीला. लांबीला जवळजवळ नाहीच. थोडक्यात, ते चाळिशी ओलांडलेल्या माणसासारखं वागतं.

"एक रंधा मारला की झालं," असं प्रत्येकजण सांगून गेला. रंधा मारणाऱ्या मिस्त्रींना मी जूनमध्ये फोन केला. "उद्या येतो साहेब," ते म्हणाले. मिस्त्री शब्दाचे पक्के होते. पुढचे पाच आठवडे मी ज्या ज्या दिवशी फोन केला त्या त्या दिवशी ते हेच म्हणाले, त्यात एका अक्षराचा फरक केला नाही.

शेवटी मी ठरवलं, रंधा आपणच मारायचा. पिंपरीच्या एका कारखान्यात मिलिमीटरचे शंभरावे भाग मोजण्यात माझी चौतीस वर्षं गेली होती. शिवाय इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉपमध्ये सुतारकाम होतंच. तिथं लाकडाचा 'टी' जोड करायचा असतो. माझा जोड वर्गातल्या एका मित्रानं करून दिला होता आणि त्याबदल्यात मी त्याला गणित दाखवलं होतं. तो पुढे अमेरिकेत गेला, म्हणजे गणित बरोबर होतं. जोडाचं काय झालं ते मात्र मला माहीत नाही.

रंधा आणायला मी रविवारी जुन्या बाजारात गेलो. कुंभारवेशीजवळचा हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. इथं किल्ल्या नसलेली कुलपं, कुलपं नसलेल्या किल्ल्या आणि डाव्या पायाचे एकेकटे बूट मांडलेले असतात, आणि त्यातली प्रत्येक वस्तू आपली उरलेली अर्धी वस्तू येईल म्हणून वाट बघत असते. त्या गर्दीत मला एक लोखंडी रंधा दिसला. पातं गंजलेलं, पुढचा लाकडी गोळा शाबूत, पण मागची मूठ कमरेत मोडलेली. बुंधा रंध्याला, वरचं अर्धं बहुधा मूळ मालकाच्या हातात राहिलेलं.

"नऊशे," विक्रेता म्हणाला.

"अहो, मूठ मोडलीय."

"मूठ मोडली नसती तर इथं आला असता का तो?"

या युक्तिवादाला उत्तर नव्हतं, पण पुणेकर उत्तर नसतानाही बोलू शकतो. साडेचारशेला सौदा झाला.

घरी येऊन मी मुठीच्या बुंध्याला धरून दाराच्या कडेवर रंधा चालवला. बुंध्यातून वर आलेला बोल्ट पहिल्याच मिनिटाला तळहातात घुसला आणि पाचव्या मिनिटाला फोड आला. मग रविवार पेठेतल्या बोहरी आळीत जाऊन तयार मूठ आणली. ती बोल्टावर नीट बसली, पण हातात बसेना. कडा कोयत्यासारख्या आणि गाळा असा, की तीन बोटं आत घातली की चौथं बाहेर राहून रंध्याच्या लोखंडावर घासायचं. दुकानदाराकडे परत गेलो.

"स्टँडर्ड साइज आहे, काका," तो म्हणाला.

"कुणाच्या हाताचा?"

"सगळ्यांच्या."

माझी पुढची सगळी फरफट या 'सगळ्यांच्या' शब्दातून सुरू झाली. सगळ्यांच्या हाताची वस्तू नेमकी कुणाच्याच हाताची नसते. रेडिमेड शर्टाच्या बाह्या, सरकारी कचेरीतली खुर्ची आणि सार्वजनिक नळाची तोटी यांवरून हे कळायला हवं होतं. मी जाहीर केलं, "मी माझ्या हाताच्या मापाची मूठ करणार."

"आणि दार?" बायकोनं विचारलं.

"आधी मूठ, मग दार."

"मला वाटलंच," ती म्हणाली आणि बादली भरायला लावली.

आता थोडं मुठीविषयी. हल्ली आपण सगळ्यालाच हँडल म्हणतो. सायकलला हँडल, कपाला हँडल, दाराला हँडल. पण मराठी माणूस एकेकाळी वस्तू जिथून धरायची त्या जागेकडे फार बारकाईनं बघत असावा. कुऱ्हाडीला दांडा असतो, कढईला आणि कपाला कान असतात, बादलीला कडी, जात्याला खुंटा, नांगराला रुमणं. आणि तलवार, छत्री, रंधा यांना मात्र मूठ. हाताची बोटं मिटली की होते तीही मूठ आणि ती जिच्याभोवती मिटायची तीही मूठ. धरणारं आणि धरलं जाणारं, दोघांना एकच शब्द. एका मुठीत दुसरी मूठ बरोबर मावली पाहिजे, ही सगळी विद्या त्या शब्दातच सांगून ठेवलेली आहे. वर आपलं गाव मुठेच्या काठी. इतकी अनुकूल परिस्थिती असताना मूठ जमणार नाही म्हणजे काय?

अभ्यासाला लागलो. लोखंडी रंधा आज दिसतो तसा घडवला तो लेनर्ड बेली नावाच्या अमेरिकन माणसानं, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर. १८६९मध्ये स्टॅनली कंपनीनं त्याचा धंदा आणि पेटंटं घेतली आणि जगभर त्याच रूपाचे रंधे झाले. पातं पंचेचाळीस अंशांत कललेलं, ते ज्या तिरक्या ठोकळ्यावर टेकतं त्याला इंग्रजीत बेडूक म्हणतात, का ते बेडकालाच माहीत. त्या जुन्या रंध्यांच्या मुठी रोझवूडच्या असत, म्हणजे आपल्या शिसवीच्या चुलत घराण्यातल्या. मागच्या मुठीतून वरपासून खालपर्यंत एक लांब बोल्ट जातो आणि वर पितळी नटानं आवळला जातो. मूठ बहुतेक वेळा मोडते ती या नटामुळे. लाकूड उन्हाळ्यात आकसतं, नट सैल पडतो, मूठ डुलायला लागते आणि एक दिवस जोर दिला की नेमकी कमरेत तुटते, कारण तिथं लाकडाच्या उभ्या रेषा नसतात, आडव्या असतात. म्हणजे मूठ मोडण्याचं कारण मुठीत नसून वेळच्या वेळी नट न आवळण्यात असतं. कितीतरी संसारांना हे लागू आहे, असं मी बोलून गेलो. बायको म्हणाली, "आमचे नट सासूबाईंनी आवळले होते."

दुसरी गोष्ट कळली ती धरण्याची. आपल्याला वाटतं मूठ म्हणजे चार बोटांनी गच्च धरायची. तसं नाही. मागची मूठ तीन बोटांनी धरायची आणि तर्जनी पुढे, पात्याच्या बाजूनं सरळ सोडायची. तर्जनी दिशा दाखवते आणि तीन बोटं काम करतात. चौतीस वर्षांत मी पाहिलेल्या प्रत्येक खात्याची रचना अशीच होती.

बातमी इमारतीत पसरली. दुसऱ्या मजल्यावर इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक राहतात. ते चहाला आले आणि त्यांनी रंधा चष्म्याखाली धरला. "पाँपेईत रंधे सापडलेत, ठाऊक आहे ना? इसवी सन ७९. राखेखाली शहर गेलं, रंधे राहिले." मी म्हटलं, मुठी कशा होत्या? "रंध्याच्या अंगातच खाच कोरून हात घालायची जागा केलेली असायची," ते म्हणाले. "आणि तुम्ही मुठीमुठी करताय, पण जपानात जाऊन बघा. तिथला रंधा पुढे ढकलत नाहीत, स्वतःकडे ओढतात. आणि त्याला मूठ नसते! लाकडाचा नुसता ठोकळा आणि त्यात पातं. त्यांची कामं बघा आणि आपली बघा." चहा संपवून ते उठले. जपान्यांना मूठ लागत नाही हे कळल्यावर माझा दोन दिवस उत्साहच गेला. मग लक्षात आलं, जपान्यांना खुर्चीही लागत नव्हती. त्यांच्या नादी लागून चालणार नाही.

प्रेरणेसाठी मी राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो. बाजीराव रस्त्यालगतचं हे संग्रहालय एका माणसानं आयुष्यभर फिरून जमवलेल्या सुमारे वीस हजार वस्तूंचं आहे. दिनकर केळकर स्वतः 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहीत आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं. इथं तोफा आणि सिंहासनांपेक्षा घरातल्या वस्तूंचा मान मोठा आहे. दिवे, भांडी, दरवाजे आणि अडकित्ते. अडकित्त्यांपाशी मी अर्धा तास उभा होतो. सुपारी कातरायची एवढं एकच काम, पण त्यासाठी धरायच्या जागी कुणी माणसं घडवली, कुणी पशुपक्षी. करणाऱ्याला घाई नव्हती आणि खाणाऱ्यालाही नव्हती. मला एकदाच हातात धरून बघायचं होतं, पण मध्ये काच होती. ज्या वस्तू केवळ हातात धरण्यासाठी जन्मल्या त्यांना आता कुणाचा हात लागत नाही. मी काचेवरच तीन बोटं ठेवून तर्जनी पुढे केली. पहारेकऱ्यानं दुरून नाही अशी मान हलवली.

मग लाकूड. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये गेलो. मालक गादीवर बसले होते आणि मागे सागवानाची रास छताला टेकलेली होती.

"किती घनफूट?"

मी हिशेब करूनच गेलो होतो. सहा इंच लांब, चार इंच रुंद, एक इंच जाड. "एक घनफुटाचा बहात्तरावा भाग," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग आतल्या माणसाला हाक मारली, "अरे, यांना बघ." हे लाकडाविषयी होतं की माझ्याविषयी, ते कळलं नाही.

आतला माणूस भला होता. "सागवान घेऊ नका," तो म्हणाला. "दारंखिडक्यांना राजा आहे, पण यात वाळूसारखं काहीतरी असतं, हत्याराची धार खातं. बाभूळ घ्या, नाहीतर शिसवी." बाभळीची शिफारस मला मनापासून पटली. गाड्याची चाकं, नांगर आणि औजारांचे दांडे यांना पिढ्यानपिढ्या बाभूळच लागत आली. पण तिथंच मला आपली ती म्हण आठवली, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. लाकडाचाच दांडा लाकडं तोडतो. त्या हिशेबानं रंध्याची मूठ म्हणजे गोतातल्यांची सालं काढणारी. कुऱ्हाड एकदाच घाव घालते, रंधा रोज थोडं थोडं तासत राहतो. म्हणजे मूठ ही नातेवाइकांतल्या त्या एका आत्याबाईंसारखी, ज्या मारत नाहीत पण भेटल्या की सालटं काढतात. आत्याबाईंना शोभेल असं काळसर, जड, चकचकीत लाकूड हवं म्हणून मी शिसवी घेतली. तुकडा उरलेल्यांतला होता.

"किती द्यायचे?"

"राहू द्या हो, घेऊन जा."

पुण्यात वस्तू फुकट मिळाली की माणूस घाबरतो. मी तो तुकडा भिंग घेऊन दोन्ही बाजूंनी तपासला. चीर नव्हती. तरी दोन दिवस मला झोप लागली नाही.

आता माप. हाताचं माप घेणं सोपं नाही. पट्टीनं बोटांची रुंदी येते, पण बोटं मिटल्यावर त्यांच्यामध्ये जो आकार तयार होतो तो पट्टीला सापडत नाही. हाताच्या आत काय आहे ते हातालाच विचारावं लागतं. गणपतीच्या कार्यशाळेतून नातीनं आणलेली शाडूची माती उरली होती. मी तिचा गोळा करून तीन बोटांनी दाबला. उत्तम ठसा उमटला. व्हर्नियर लावला, तीन बोटांचा गाळा ६३ मिलिमीटर. पण तो सुकेपर्यंत थांबलो आणि गोळा आकसून तडकला. शाडूचं हे असं असतं, म्हणून तर गणपतीचे कान जपावे लागतात. कुठलं माप खरं मानायचं, ओल्या मातीचं की सुक्या?

या पेचात स्वयंपाकघरात गेलो आणि समोर बघतच राहिलो. ओट्यावर ताटात मेथीचे मुटके वाफवून निवत ठेवले होते. पीठ मळायचं, हातात घ्यायचं, मूठ मिटायची, उघडायची. प्रत्येक मुटक्यावर बोटांचे ठसे इतके सुबक, इतके मोकळे, की जणू जगातल्या आरामशीर मुठींचं प्रदर्शन मांडलंय! आर्किमिडीजला आंघोळ करताना साक्षात्कार झाला होता, पण त्याच्या बाथरूमचं दार लागत असणार. मी एक मुटका उचलला, फ्रिजमध्ये कडक केला आणि व्हर्नियर लावला. ५४ मिलिमीटर.

शाडूत ६३ आणि मुटक्यात ५४. चौतीस वर्षं असल्याच फरकांचा निकाल लावत आलो होतो. विचार केला : ओली माती दाबली की बाजूला पसरते, म्हणून ६३ फुगवलेले. मुटका वाफेवर पक्का झालेला, म्हणून ५४ विश्वासार्ह. वहीत तसं कारणासहित लिहून खाली सही केली. सवयच ती. मग मुटक्याच्या ठशांवरून लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा नमुना कापला आणि नमुन्याचं मूळ चटणीबरोबर खाऊन टाकलं.

इथून पुढचं काम गॅलरीत झालं. पहिला धडा असा, की आकार कापण्याच्या आधी भोक पाडायचं, लाकूड चौकोनी आणि सरळ असताना. मी शहाणपणा करून दोन्ही टोकांकडून पाडत आणलं, म्हणजे मध्यावर भेटतील. पुणे मेट्रोचे बोगदे खणणाऱ्या दोन यंत्रांची नावं मुळा आणि मुठा होती. ती शहराखालून गेली आणि जिथं निघायला हवं तिथं बरोबर निघाली. माझी दोन भोकं चार इंचांच्या लाकडात एकमेकांना न भेटता शेजारून निघून गेली, एखाद्या सोसायटीतल्या भांडलेल्या शेजाऱ्यांसारखी. सुदैवानं शेवटी कानशीनं मधली भिंत फोडता आली.

मग करवत, मग जाड दात्यांची कानस, मग बारीक, मग काचकागद. शिकंजा नव्हता. पूर्वीचे सुतार उकिडवे बसून लाकूड पायात धरत. मी तसा बसलो खरा, पण उठवायला दोघं लागले. शिसवीची धूळ नाकात गेली की शिंका येतात, त्यामुळे काम शिंकांच्या मधल्या वेळात करावं लागे. पण खरं सांगतो, त्या कामाला नशा आहे. डोळे मिटायचे, मूठ धरायची आणि कुठं टोचतं ते बघायचं. टोचलं तिथं पेन्सिलीची खूण, तेवढंच कानशीनं काढायचं, पुन्हा धरायची. डोळ्यांना जो उंचवटा दिसत नाही तो तळहाताला लगेच कळतो. इतकी वर्षं मी हातांना नुसतं सही करायला आणि रिमोट धरायला लावलं होतं. हात मात्र मला न कळवता हुशार राहिले होते.

गाळा मात्र अरुंद वाटत होता. नव्या चपलेसारखं असेल, मी स्वतःला सांगितलं. वापरून सैल होईल.

शेवटी तेल. मुठीला चकचकीत लाखेचं पॉलिश दिसायला छान, पण घामट हातात सटकतं, म्हणून जवसाचं तेल. एक हात लावायचा, पुसायचं, दोन-चार दिवस सुकू द्यायचं, पुन्हा. यात एक गंमत आहे, तेल पुसलेली चिंधी बोळा करून टाकली तर ती हवेतल्या प्राणवायूनं आतून तापत जाते आणि आपोआप पेटू शकते. हे मी घरात बोलून गेलो. तेव्हापासून चिंध्या गॅलरीतल्या दोरीवर पसरून वाळत घालणं हे माझं काम झालं आणि माझ्या सोवळ्याओवळ्यापेक्षा जास्त काटेकोरपणे पाळलं गेलं. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "तिसऱ्या मजल्यावर तेलकट चिंध्या का वाळत असतात?" प्राध्यापकांनी उत्तर दिलं, "संशोधन चालू आहे."

मूठ तयार झाली तेव्हा दिवाळी उलटली होती. धारवाल्याकडून पातं लावून घेतलं, पितळी नट आवळला, रंधा उचलला आणि बाथरूमकडे निघालो. दार ढकललं. ते लागलं. अलगद, कडीसकट. हवेतला दमटपणा गेला होता, लाकडानं पाणी सोडलं होतं आणि दार आपल्या मूळ मापाला आलं होतं. मी रंधा घेऊन बंद दाराबाहेर उभा राहिलो. पावसाळ्यातच तासलं असतं तर आता बोटभर फट दिसली असती, हे मी मोठ्यानं सांगितलं. आतून आवाज आला, "म्हणजे उशीर केला ते बरंच केलंत." तिथं कुणाचीच बादली दाराला लावलेली नव्हती.

आणि त्याच संध्याकाळी मिस्त्री आले. उद्या आला होता.

"दार तर लागतंय की," ते म्हणाले.

"हो. पण आता आलाच आहात तर हे बघा." मी रंधा पुढे केला.

मिस्त्रींनी रंधा उलटा करून तळ बघितला, सुलटा करून पात्यावर नख फिरवलं आणि मग मूठ धरली. लगेच सोडली. पुन्हा धरली. अंगठ्यानं आतला गाळा चाचपला, जसा डॉक्टर पोट दाबून बघतो.

"काम चांगलं केलंय, साहेब. कड कुठं टोचत नाही. पण ही मूठ तुमची नाही."

"म्हणजे? मी स्वतः केली."

"केली तुम्ही. पण हात तुमचा नाही. तुमचा पंजा मोठा आहे. हा काकूंचा हात आहे."

घरात शांतता पसरली. मी वही काढली. ६३ आणि ५४. कारणासहित. सहीसह. मेथीचे मुटके कुणाच्या मुठीतून निघाले होते, हा प्रश्न त्या अख्ख्या पानावर कुठंच नव्हता. ओल्या मातीच्या पसरण्याचा विचार झाला, वाफेचा झाला. त्या दिवशी अर्धा तास ओट्याशी उभं राहून मुटके वळणाऱ्या माणसाचा मात्र झाला नाही. लग्नाला छत्तीस वर्षं झाली. तिच्या हातच्या सगळ्या पदार्थांची मापं माझ्या पोटाला पाठ होती, हाताचं माप मी पहिल्यांदाच घेतलं होतं, आणि तेही नकळत.

बायकोनं ओले हात पदराला पुसले आणि रंधा घेतला. तीन बोटं आत गेली, करंगळी कुठं घासली नाही, तर्जनी आपोआप पुढे झाली. तिला कुणी सांगितलंही नव्हतं. "अगंबाई," ती म्हणाली, "केवढी छान बसते हो!" मग थोडं थांबून, "पण मला रंधा कशाला करायचा होता?"

याचं उत्तर पुढच्या जूनमध्ये मिळालं.

दार ठरल्या वेळी फुगलं. मी मिस्त्रींना लावायला फोन उचलला, तर बायको म्हणाली, "ठेवा तो." तिनं पदर खोचला, दाराच्या कडेला खडूनं दोन खुणा केल्या, जिथं चौकटीला घासत होतं तेवढ्याच, आणि रंधा लावला. पहिल्या झटक्याला पातं अडलं. तिनं उलट्या बाजूनं, रेषांच्या कलानं लावला. आणि पात्याच्या तोंडातून कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, लांबच लांब साल गुंडाळी होत बाहेर आली. मग दुसरी. फरशीवर कुरडयांची रास पडावी तसं दिसायला लागलं. मी मध्ये काहीतरी सुचवणार होतो. पण झाकली मूठ सव्वा लाखाची असते, हे मला आतापर्यंत कळलं होतं.

"जास्त काढत नाही हं," ती म्हणाली, "दिवाळीला फट पडेल." हे वाक्य माझं होतं. पण तिच्या हातात रंधा असल्यामुळे ते जास्त खरं वाटलं.

"तुमच्या हाताची कधी करणार?" तिनं विचारलं.

"बघू," मी म्हणालो. "मुटके मीच वळीन म्हणतो या वेळी."

"आधी ती बादली उचला इथून. भुसा पडतोय पाण्यात."

मी भरलेली बादली उचलून गॅलरीपर्यंत नेली. तारेची कडी चारही बोटांना अशी काचली की लाल वळ उठले. उभ्या आयुष्यात या बादल्या मी किती उचलल्या असतील आणि तिनं किती! मी बादली खाली ठेवली, दोरीवरच्या चिंध्या बाजूला सारल्या आणि शिसवीचा उरलेला तुकडा शोधायला लागलो. एक घनफुटाचा बहात्तरावा भाग होता, त्यातला बराच उरला होता.